फूटपाथचे सरपंच

सरपंचांना माणूस नुसता पाहिला की त्याला कुठे झोपवायचं ते कळायचं. मांडीचं हाड मोडलेल्या नवऱ्याला वॉर्डात सोडून, खांद्याला पिशवी आणि हातात रिकामा थर्मास घेऊन मी त्या मोठ्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभी होते. समोरच्या फूटपाथवरून एक उंच, वाळका माणूस उठून माझ्याजवळ आला. वय साठीच्या आसपास, पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खांद्यावर निळ्या काठाचा दुपट्टा.

"पेशंट बाई हाये का मानूस?" त्यांनी विचारलं.

"मिस्टर आहेत. मोटरसायकलचा अपघात झाला."

"म्हंजे रात्री तुमाले आत राहू देत नाईत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या चपलांकडे. "बाहेर झोपाची पहिलीच खेप दिसते. भिंतीकडून तिसरी जागा घ्या. नालीचा वास येत नाई आन् दोन्ही बाजूले बाया हायेत."

मी तिथे जाऊन आडवी झाले. डोक्याखाली पिशवी घेतली. सिंदी मेघेतल्या आमच्या घराला कुलूप लावलं होतं की नाही, एवढंच रात्रभर आठवत राहिले.

आम्हाला वर्ध्याहून त्या शहरात पाठवलं होतं. शहराचं नाव घेत नाही. तसे दवाखाने आणि तसे फूटपाथ सगळ्याच मोठ्या शहरांत आहेत. तिथला नियम साधा होता. एका पेशंटपाशी एक माणूस, त्याला एक पास. दिवसा कोणीही बसा, पण संध्याकाळनंतर बायकांच्या वॉर्डात बाईच हवी आणि पुरुषांच्या वॉर्डात पुरुषच. आम्हाला मूल नाही. दीर वर्ध्यात दुकान सांभाळतो, त्याला रोज येणं शक्य नव्हतं. धर्मशाळेत नाव लिहून ठेवलं होतं, माझ्या आधी बरीच नावं होती. त्यामुळे रोज संध्याकाळी मी बाहेर यायचे आणि माझ्या नवऱ्यापाशी रात्रभर कोणी नसायचं. सरपंचांचं उलटं होतं. त्यांची बायको कौसल्याबाई आत होती, पोटातल्या गाठीवर इलाज चालू होता, आणि तिच्यापाशी बसायला घरात दुसरी बाई नव्हती.

सरपंच ते कधीच नव्हते. नाव दौलतराव. गिरडच्या पलीकडच्या एका लहान गावात ग्रामपंचायतीचे नळ सोडायचं काम करायचे. कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी, कोणाचं घर उंचावर, कोणाकडे आधी धार लागते, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. फूटपाथवरही त्यांनी तेच केलं. दवाखान्याच्या बागेतला एक नळ पहाटे माळी यायच्या आत चालू असतो, हा शोध त्यांचाच. मग त्या नळावर पाळ्या लागल्या. आधी बाया, मग म्हातारे, मग बाकीचे. कोणी पाळी मोडली तर सरपंच ओरडायचे नाहीत. त्याच्यासमोर जाऊन नुसते उभे राहायचे. यवतमाळकडच्या एका माणसाने त्यांना चिडून "तुम्ही काय सरपंच लागून गेले का?" असं विचारलं, तेव्हापासून सगळेच त्यांना सरपंच म्हणायला लागले. तो यवतमाळचा माणूससुद्धा.

पहाटे पाचला ते सगळ्यांना उठवायचे. उठवायची त्यांची एक पद्धत होती. नाव घ्यायचे नाहीत, पेशंटचा नंबर घ्यायचे. "बारा नंबरवाले, उठा. डॉक्टरचा राउंड हाये." अंथरुणं गुंडाळून झाडाच्या बुंध्याशी लावली की ते स्वतः खराटा घेऊन फूटपाथ झाडायचे. दुकानांची शटर उघडायच्या आत तिथे रात्री माणसं झोपली होती असं कोणाला ओळखू येऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. एकदा मी म्हटलं, "सरपंच, झाडायला महानगरपालिकेची माणसं येतात."

"येतात ना. पन जागा उसनी हाये, बाई. घासूनच वापस द्या लागते."

महिनाभर असं चाललं. मग एके दिवशी सकाळी दवाखान्याच्या भिंतीवर एक कागद डकवलेला दिसला. लोक त्याच्यासमोर उभे राहून एकमेकांना विचारत होते. सरपंच पुढे गेले, चष्मा लावला आणि ग्रामसभेची नोटीस वाचावी तसा त्यांनी तो कागद मोठ्याने वाचला. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचला. रस्ता, फूटपाथ, दुभाजक आणि पुलाखालची जागा इथे झोपायला, मुक्काम करायला, स्टोव्ह पेटवायला आणि भीक मागायला बंदी केली होती. न ऐकणाऱ्यावर कारवाई होणार होती. खाली सही आणि शिक्का होता.

"म्हंजे आता कुठी जाचं?" अकोल्याच्या एका म्हातारीने विचारलं.

"थे नाई लिवलं," सरपंच म्हणाले. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला. "झोपनं लिवलं हाये. मुक्काम लिवला हाये. बसनं लिवलं नाई."

त्या दिवसापासून आम्ही बसायला लागलो. भिंतीला पाठ, मांडीवर पिशवी, पिशवीवर डोकं. मान कशी ठेवली म्हणजे सकाळी अखडत नाही ते सरपंचांनी प्रत्येकाला दाखवलं. तीन-चार दिवसांनी एक तरुण पोलीस आला. चांगला मुलगा होता, आवाज चढवला नाही. "आजोबा, बसल्या बसल्या झोपलं तरी ते झोपणंच आहे," तो म्हणाला. "मला वरून विचारतात."

सरपंचांनी थोडा विचार केला. "बरोबर हाये साहेब तुमचं," म्हणाले. खरंच पटल्यासारखे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वॉर्डावॉर्डातून फिरले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात गोळ्यांच्या खोक्याचा पुठ्ठा होता आणि त्याच्यावर नंबर लिहिलेले होते. ज्या बाईचा नवरा आत आहे आणि ज्या माणसाची बायको आत आहे अशांच्या त्यांनी जोड्या लावल्या होत्या. बाईने त्याच्या बायकोपाशी झोपायचं, त्याने तिच्या नवऱ्यापाशी. पास एकमेकांचे घ्यायचे. नियमात बाईपाशी बाई हवी, माणसापाशी माणूस हवा. ती कोणाची कोण हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. फाटकावरच्या गार्डने पुठ्ठा वाचला, हसला आणि पास बघून सोडायला लागला. अर्धा फूटपाथ त्या दिवशी आत गेला. उरले ते ज्यांना जोडी मिळाली नाही ते.

माझी जोडी सरपंचांशी लागली. माझा पास त्यांच्या खिशात, त्यांचा माझ्या पर्समध्ये. तेव्हापासून मी कौसल्याबाईंच्या कॉटखाली चटई टाकायला लागले.

कौसल्याबाई बोलायला तिखट होत्या. अंगात काही उरलं नव्हतं, पण जीभ जशीच्या तशी होती. "तुमचे सर कसे हायेत?" हे रोज विचारायच्या आणि उत्तराच्या आधीच पुढचं विचारायच्या, "आन् आमचे हे जेवले का?" नवऱ्याबद्दल एकदा मला म्हणाल्या, "साऱ्या गावाले पानी पाजते. घरचा माठ मले भरा लागे." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता कोन भरून राह्यलं असन."

इकडे माझा नवरा सरपंचांना इतका सरावला की दिवसा मी काही करायला गेले तर म्हणायचा, "राहू दे, ते बरोबर करतात." तो कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, लाजरा माणूस आहे. लघवीचं भांडं मागायची त्याला लाज वाटायची, म्हणून तो पाणी कमी प्यायचा. ते सरपंचांच्या एका रात्रीत लक्षात आलं. "सर, तुमी पानी प्या," ते त्याला म्हणाले. "पानी सोडाचं काम मी बावीस वर्सं करून राह्यलो." माझा नवरा अपघातानंतर पहिल्यांदा तेव्हा हसला. हे मला त्याने नंतर सांगितलं.

एका शुक्रवारी संध्याकाळी माझा दीर आला. दुकान लवकर बंद करून, आईने दिलेला डबा घेऊन आला होता. "वहिनी, आज मी थांबतो दादापाशी," म्हणाला. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी घरचं माणूस त्याच्यापाशी राहणार होतं. मी खाली जाऊन सरपंचांकडे पास मागितला. आत जायच्या तयारीत ते हातपाय धुऊन उभे होते.

"दीर आलेत का? बरं झालं," म्हणाले. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला पास त्यांनी काढून दिला.

"तुम्ही कुठे झोपाल?"

"मी बाहेर बसतो. चार-पाच जन हायेतच. एका रातीचं काय?"

मी पास घेऊन वर गेले.

पहाटे साडेपाचला मी थर्मास घेऊन चहा घ्यायला उतरले, तर फूटपाथ रिकामा होता. झाडलेला नव्हता. चटया वेड्यावाकड्या पडल्या होत्या. फाटकाजवळच्या टपरीवरच्या चहावाल्या ताईंनी मला पाहून स्टोव्ह बारीक केला.

"पोलिसाची गाडी आलती," त्या म्हणाल्या. "सरपंचांले नेलं. आनखी चौघांले नेलं."

"का पण? त्यांचा पेशंट आहे आत."

"सांगतलं त्याइनं. पास दाखवा म्हने. पास नव्हता. आधार दाखवा म्हने. आधार फाइलीत होतं, बायकोपाशी. समोर चहाचा गिलास ठेवला होता स्टीलचा. भीक मागते म्हनून लिहून घेतलं."

"ते काही बोलले नाहीत?"

"त्या अकोल्याच्या म्हातारीचं बिछानं गुंडाळून देल्लं आन् तिले म्हने, पयले तू फाटकाच्या आत जाय. मंग गाडीत बसले."

मी वर गेले. दीर माझ्या नवऱ्याच्या कॉटखाली गाढ झोपला होता. पास त्याच्या सदऱ्याच्या खिशातून वर दिसत होता. मी त्याला उठवलं नाही. कौसल्याबाईंच्या वॉर्डात गेले, त्यांचं तोंड धुऊन दिलं, वेणी घातली.

"हे काऊन नाई आले?" त्यांनी विचारलं.

"पहाटे गावाकडून फोन आला," मी म्हटलं. "पाण्याची मोटर जळली. त्यांना जावं लागलं."

मी आधी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. कौसल्याबाईंनी मान हलवली. "मोटर जळली म्हंजे गेलेच पायजे," म्हणाल्या. मी त्यांची फाइल हातात घेतली आणि औषधाची चिठ्ठी शोधायचं सोंग करत आधार कार्ड काढून पर्समध्ये टाकलं.

पोलीस चौकीत कळलं की त्यांना शहराबाहेरच्या भिक्षेकरी गृहात नेलंय. दोन ऑटो बदलून तिथे गेले. शनिवार होता, साहेब नव्हते. रविवारी ऑफिस बंद. सोमवारी टेबलामागच्या माणसाने आधार कार्ड पाहिलं, फोटो पाहिला, मला पाहिलं.

"तुमचं त्यांच्याशी नातं काय?"

"नातं काही नाही. आम्ही दवाखान्यात शेजारी आहोत."

"मॅडम, नातेवाईक आणा. आणि आता ते कोर्टातून सुटतील, माझ्या हातात नाही."

तो उद्धटपणे बोलला नाही. मला पाणीही दिलं त्याने. आत भेटू देता येणार नाही म्हणाला, म्हणून मी एका कागदावर 'कौसल्याबाई बऱ्या आहेत, काळजी करू नका' असं लिहून दिलं. ते सोमवारी दुपारपर्यंत खरं होतं.

फाइलीतल्या नंबरवर मी फोन केला होता, त्यावरून गावाहून त्यांचा पुतण्या संध्याकाळी पोचला. आधी काकूला भेटायला वर गेला. मी त्याला जिन्यातच सांगून ठेवलं होतं. "मोटर वाइंडिंगले टाकली, काकू," तो म्हणाला. "काका तिथंच बसून हायेत." कौसल्याबाईंना तोवर धाप लागायला लागली होती. "त्याइले सांगजो," त्या म्हणाल्या, "घाई नोको करा. पुरं काम करूनच या."

मंगळवारी पुतण्या कोर्टात गेला. मी कॉटपाशी बसले होते. दुपारी जेवणाच्या गाड्या वॉर्डातून फिरत होत्या तेव्हा कौसल्याबाई गेल्या. सिस्टरने येऊन नाडी पाहिली, डॉक्टरांना बोलावलं, पडदा ओढला. मला विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?" त्या आठवड्यात हा प्रश्न दुसऱ्यांदा आला होता.

सरपंच बुधवारी सकाळी आले. पुतण्या सोबत होता. त्यांचं डोकं साफ भादरलेलं होतं. भिक्षेकरी गृहात आल्या दिवशी सगळ्यांचंच भादरतात, उवा होऊ नयेत म्हणून. पण वॉर्डातल्या सिस्टरला ते कुठून माहीत असणार. तिने त्यांना दारातून येताना पाहिलं आणि मला हळूच म्हणाली, "अरे, यांनी विधीपण करून टाकला का?"

त्यांना वाटेत पुतण्याने सांगितलं होतं. ते कॉटपाशी आले. कॉटवर दुसरी बाई होती, सकाळीच भरती झालेली. सरपंच तिच्या कॉटपासून दोन पावलं मागे सरकले, तिला त्रास नको म्हणून. मग माझ्याकडे वळले.

"तिले काय सांगतलं होतं तुमी?"

"गावची मोटर जळली म्हणून."

"विहिरीवरची का बोअरची?"

"मी नुसतं मोटर म्हटलं," असं सांगितलं.

"तिनं बोअरची समजली असन," ते म्हणाले. "थेच जळते." मग त्यांनी विचारलं, "सही कुठी करा लागते?"

सही केली. शवागाराच्या दारापाशी कागद उलटसुलट वाचून पाहिला आणि केली. गाडीत पुढे बसायला सांगितलं तर बसले नाहीत, मागे तिच्यापाशी बसले. निघताना त्यांनी खिडकीतून मला दोन गोष्टी सांगितल्या. नळाच्या पाळीत आता अकोल्याच्या म्हातारीला पहिली ठेवा, तिला उभं राहवत नाही. आणि सरांना पाणी कमी पडू देऊ नका. मी हो म्हटलं. गाडी चौकात वळेपर्यंत उभी राहिले, मग वर गेले आणि नवऱ्याला पाणी दिलं.

आम्ही आणखी अकरा दिवस तिथे होतो. दोन दिवसांनी धर्मशाळेत माझा नंबर लागला. फूटपाथवर लोखंडी कठडा बसवला आणि फुलझाडांच्या कुंड्या ठेवल्या. जोड्यांचा पुठ्ठा गार्डच्या खोलीत होता, पण नवी माणसं आली की त्यांच्या जोड्या कोण लावणार? आठवड्याभरात ते बंद पडलं. अकोल्याची म्हातारी कुठे गेली ते मला कळलं नाही. खरं सांगायचं तर मी विचारलंही नाही.

दीर अजून कधीतरी बोलता बोलता सांगतो की त्या रात्री दादाच्या कॉटखाली त्याला फार छान झोप लागली होती. मी त्याला काही सांगितलेलं नाही. त्याचं काय चुकलं?

माझा नवरा काठी घेऊन चालायला लागला तेव्हा एका रविवारी मी गिरडला जाणारी बस धरली. पुढे ऑटोने त्यांच्या गावी गेले. सरपंच घरीच होते. मला पाहून त्यांना नवल वाटलं असं दिसलं नाही. खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. त्यांचे केस परत आले होते, पूर्वीपेक्षा पांढरे. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली कौसल्याबाईंचा फोटो होता, कुठल्यातरी लग्नातला, त्यात त्या कोणावर तरी रागावलेल्या दिसत होत्या. त्यांनी सरांच्या पायाचं विचारलं. मी सांगितलं.

मी जे बोलायला गेले होते ते शेवटी बोलले. "त्या दिवशी मी तुमच्याकडून पास मागून घेतला नसता, तर तुम्ही आत असता. ते चार दिवस तुम्ही कौसल्याबाईंपाशी असता."

त्यांनी चहा बशीत ओतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

"पास तुमचाच होता, बाई," ते म्हणाले.

त्यापुढे काही म्हणतील म्हणून मी थांबले. वाईट वाटून घेऊ नका, असं काही. ते म्हणाले नाहीत. रागावलेलेही नव्हते. बशी संपवून त्यांनी विचारलं की परतीची बस किती वाजता आहे, आणि चारची आहे म्हटल्यावर ते मला फाट्यापर्यंत सोडायला आले. रस्त्याने कोणी हाक मारली की थांबून उत्तर देत होते. बस आली. मला खिडकीजवळची जागा मिळाली. आता रडू येईल असं मला वाटत होतं. समुद्रपूर गेलं, हिंगणघाट गेलं. आलं नाही.